सलामीखालचं नाव

पोर्ट सईद
गुरुवार, ९ ऑक्टोबर १९९७

प्रिय इन्शिराह हिला सलाम आणि अनेक आशीर्वाद.

कुवेतमध्ये तुम्ही सगळे खुशाल असाल आणि इस्पितळातल्या तुझ्या पाळ्या फार जड नसतील अशी आशा आहे. इथे बोरी माशांचा हंगाम सुरू झालाय. अख्ख्या वर्गाच्या हातांना भाजलेल्या मासळीचा वास, आणि त्याच हातांनी पोरी माझ्या फुंकपेट्यांच्या पट्ट्या दाबतात आणि नळ्या तोंडाला लावतात. सांगून सांगून जीभ झिजली.

माझं अक्षर ओळखलंस का? तुझ्या वहीत लाल शाईने पुष्कळ लिहिलंय मी. तुझा पत्ता तुझ्या आईकडून मिळवला. हाज्जांनी तो सुखासुखी दिला नाही. तीन वेळा चहा पाजला, तिन्ही वेळा विषय गुडघेदुखीवर नेला, चौथ्या खेपेला कागद पुढे सरकवला.

मुद्द्यावर येते. तुझी मेरिहान आजीकडे राहून आपल्याच शाळेत शिकणार हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळच्या रांगा लागल्या, झेंडा चढला, माझ्या वाद्यवृंदाने सलामी वाजवायला घेतली, तर पहिल्या वर्षाच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने गुणगुणायला लागलं. तेही बेसूर. एक स्वर दर वेळी थोडा खाली. मी रांगेतून बाहेर काढली तर ही. नाक तुझं, उभं राहण्याची ऐटही तुझीच.

"कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"आईने. ती कांदा चिरताना गाते."

"तुझी आई एक स्वर चुकीचा गाते."

त्यावर तुझी लेक काय म्हणाली असेल? "नाही बाई, तुमच्या पेट्या चुकीचा वाजवतात."

बारा वर्षांची पोर, आणि अख्ख्या शाळेसमोर. मी तिला परत रांगेत पाठवलं. दिवसभर डोक्यात तेच. तू ही चाल गुणगुणतेस यात नवल काही नाही म्हणा, तू आमच्याच शाळेची, रोज सकाळी ऐकलेलं डोक्यात बसतंच.

पोरीला कान आहे, इन्शिराह. असा कान मी एवढ्या वर्षांच्या नोकरीत फार वेळा पाहिलेला नाही. एप्रिलमध्ये जिल्ह्याची शालेय वाद्यवृंद स्पर्धा आहे, मला ती माझ्या मुलींमध्ये हवी आहे. त्यासाठी पालकांची सही लागते. हाज्जा सही करत नाहीत. म्हणतात, "इन्शिराहने बजावलंय, पोरीला काहीही शिकवा, त्या खोलीत मात्र पाठवू नका." कुठली खोली ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. वाद्यांच्या खोलीला नवा रंग दिलाय. खिडकीतून कालवा दिसतो तो तसाच दिसतो.

सोबत फॉर्म जोडलाय. खालच्या ओळीवर सही करून पाठव.

आशीर्वाद,
सफीनाझ अब्दुल मुनइम
संगीत विभागप्रमुख, 'सकाळची सलामी'च्या रचनाकार

पोर्ट सईद
गुरुवार, २७ नोव्हेंबर १९९७

प्रिय इन्शिराह,

सलाम. तुझं उत्तर पोचलं. "नाही. मेरिहानने गणितात लक्ष द्यावं." एवढंच. फॉर्म कोरा. एवढ्या लांबून एवढं छोटं पत्र मला पहिल्यांदाच आलं.

ठीक आहे. तू आई आहेस, तुझा शब्द शेवटचा. मी तिच्या हातात एकही वाद्य दिलेलं नाही आणि तिने खोलीत पाऊल टाकलेलं नाही. पण तू 'खोलीत पाठवू नका' म्हणालीस ना, उंबऱ्याचं काही बोलली नाहीस, म्हणून ती उंबऱ्यावर बसते. दर गुरुवारी शेवटच्या तासाला आमचा सराव असतो आणि ही दारात मांडी घालून गणितं सोडवते. मी हाकलून पाहिलं. म्हणते, "बाई, इथे उजेड चांगला आहे."

त्यात एक गंमत झाली, ती सांगायला म्हणून हे पत्र.

जहाजाचा भोंगा वाजला की आमच्या खोलीत काय करायचं ते तुला आठवत असेल. वाद्यं मांडीवर, हात वाद्यांवर, भोंगा संपेपर्यंत बोलायचं नाही. तुमच्या वेळी कालवा नुकताच पुन्हा उघडला होता, तेव्हा पोरी भोंगा ऐकला की खिडकीकडे धावायच्या, म्हणून मी तो नियम केला. अजून तोच चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वीच्या सरावात भोंगा झाला, तीस मुली मूर्तीसारख्या बसल्या, आणि उंबऱ्यावरून तुझी लेक त्या भोंग्याच्या स्वरावर गुणगुणायला लागली. गणित सोडवता सोडवता, अगदी सहज. माझी ढोलवाली आहे ना, इनास, मच्छीबाजारातल्या बर्फवाल्याची मुलगी, हाताने आणि तोंडाने सारखीच जोरात, तिने ढोलावर दोन थापा टाकल्या. तिला राहवलं नाही.

मी छडी उचलली. मग का कोण जाणे, खाली ठेवली. भोंगा संपला तरी त्या दोघींचं चालूच राहिलं आणि वाईट अजिबात नव्हतं.

सराव सुटल्यावर मेरिहान दप्तर भरत होती. म्हणाली, "बाई, तुम्ही यांना काय वाजवायचं ते रोज सांगता. यांना काय वाजवायचंय ते कधी विचारलंत?"

मी म्हणाले, "चोंबडेपणा पुरे."

घरी आले, पानात मासा होता, दोन घास खाऊन सरकवला. बहिणीने विचारलं, काय झालं? म्हटलं, काटा लागला.

पुढच्या गुरुवारी मी मुलींना सांगितलं, "आज प्रत्येकीने आपल्या मनाच्या चार मात्रा आणायच्या. चारच. आधी कुठे ऐकलेल्या नकोत."

 इनास उठली. "बाई, ही परीक्षा आहे का?"

"नाही."

"मग चुकलं तर?"

"यात चुकता येत नाही."

"म्हणजे गुण नाहीत?"

"नाहीत."

"मग करायचं कशाला?"

मी म्हटलं, ते मलाही ठाऊक नाही. मुलींनी एकमेकींकडे असं पाहिलं की बाईंना ताप आहे की काय. पहिल्या पाच जणींनी टीव्हीवरच्या साबणाची जाहिरात वाजवली, पाचही जणींनी तीच. एकीने आजीचा खोकला वाजवला. तो मात्र झकास होता, शेवटचा कफसुद्धा ऐकू आला. एक लाजरी पोर आहे, रीहाम, तीन वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिने चार मात्रांपैकी तीन रिकाम्या ठेवल्या आणि चौथीवर एकच बारीक स्वर फुंकला. अंगावर काटा आला माझ्या. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, नाहीतर सवयीने उठून त्या तीन मात्रा भरल्या असत्या.

आता दर गुरुवारी हाच प्रकार. जे मुलींना आवडेल ते फळ्यावर लिहायचं आणि खाली जिचं तिचं नाव. नावाचा आग्रह इनासचा. म्हणते, नाहीतर पुढच्या आठवड्यात सगळ्या म्हणतील माझं माझं.

इन्शिराह, तुझं मन कशाने दुखावलंय ते मी समजू शकते. त्या दिवशी मी तुला जरा जास्तच रागावले असेन. मी अठ्ठावीस वर्षांची होते, नोकरी नवी, तपासनीस यायचे होते. असो. फॉर्म पुन्हा जोडतेय.

तुझी
सफीनाझ बाई

पोर्ट सईद
शुक्रवार, २० फेब्रुवारी १९९८

इन्शिराह,

सलाम. ईद होऊन गेली, त्याच्या शुभेच्छा उशिरा घे. या पत्रात माशांचं काही नाही आणि फॉर्मही जोडलेला नाही.

कालच्या गुरुवारी तपासनीस वगीह साहेब शाळेत आले होते. म्हणाले, सलामीला यंदा वीस वर्षं झाली, स्पर्धेत तुम्ही तीच वाजवा, कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव ठळक छापू, नवी पाटी देऊ. मुख्याध्यापिका तहिया बाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

सरावाला मुलींना ही बातमी सांगितली. इनास म्हणाली, "मग सलामीच्या मध्ये आमच्या मात्रा घालू." लगेच फळ्याकडे गेली, सलामीची पहिली ओळ लिहिली, आणि आमचा नियम आहे म्हणून खाली नाव लिहिलं: सफीनाझ बाई.

मेरिहान उंबऱ्यावर होती. ती उठली. पाच महिन्यांत पहिल्यांदा आत आली, फळ्याजवळचं डस्टर उचललं आणि फळ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, पुसणार. तिने पुसलं नाही. माझ्याजवळ आली, डस्टर माझ्या हातात दिलं आणि परत जाऊन उंबऱ्यावर बसली. 

तीस मुली बघत होत्या. मी उठले आणि माझं नाव पुसलं. इनासने विचारलं, "बाई, मग कुणाचं लिहू?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी सांगते." वीस वर्षं मी हेच म्हणत आले आहे बहुतेक, फक्त मनातल्या मनात.

आता सरळ सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी ते माझ्या हाताने लिहिलेलं असायला हवं.

मार्च सत्त्याहत्तर. तू तेरा वर्षांची. आम्ही स्पर्धेचा तुकडा घोकत होतो आणि तू मध्येच कागद सोडून वाजवायला लागलीस. आठ ओळींची चाल, तुझी. त्यात तू एक पट्टी अर्धीच दाबत होतीस, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधला तो स्वर निघावा, जो आपल्या कोळ्यांच्या तारा छेडायच्या सिमसिमियावर असतो आणि फुंकपेटीवर नसतो. तो कसा काढायचा हे तुला कुणी शिकवलेलं नव्हतं. मलाही येत नव्हतं. मी पेटी तुझ्या तोंडातून ओढून घेतली. सगळ्यांसमोर विचारलं, "रेडिओवरून बोलावणं आलंय का तुला? इथे सांगितलेलं वाजवतात." पेटीची नळी लागून तुझा ओठ फुटला होता. मी तुला वाद्यवृंदातून काढलं.

आणि त्याच संध्याकाळी मी ती चाल लिहून काढली. विसरू नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तो मधला स्वर लिहिता येईना, म्हणून शेजारच्या पट्टीवर नेऊन ठेवला. सुटीत तिला साज चढवला, आणि शाळा उघडली तेव्हा ती माझी झाली होती. राज्यपालांसमोर वाजली. पितळी पाटी मिळाली. त्यानंतर रोज सकाळी माईकवर, "आता सलामी, रचना सफीनाझ अब्दुल मुनइम."

तू तेव्हा शाळेच्या तिसऱ्या वर्षात होतीस. रांगेत डावीकडून चौथी. मी तुझ्याकडे कधी पाहिलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. पहिल्या सकाळी मी पाहिलं होतं. तू मान खाली घातली नव्हतीस, तू माझ्याकडे बघत होतीस, आणि तुझे ओठ चालीबरोबर हलत होते. वर्षभर रोज सकाळी तू तिथे उभी राहून तुझी चाल माझ्या नावाने ऐकलीस आणि एकदाही तक्रार केली नाहीस. मला वाटायचं, विसरली असेल, पोरंच ती.

मी चोरी केली, इन्शिराह. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. आणि चोरीहून मला जास्त लागतं ते हे की त्यानंतर तू वाद्याला हात लावला नाहीस. हाज्जांनी काल सांगितलं.

मी माफी मागते. ती द्यावीस असं म्हणत नाही, मेरिहानला पाठव असंही म्हणत नाही. तुला हे खात्याला कळवायचं असेल तर हेच पत्र पुरावा म्हणून दे, खाली पूर्ण सही करतेय. हे टाकून मी सरळ तहिया बाईंकडे जाणार आहे. तुला आधी कळवायला हवं होतं, म्हणून पत्र आधी.

सफीनाझ अब्दुल मुनइम

पोर्ट सईद
शुक्रवार, १७ एप्रिल १९९८

माझ्या लाडक्या इन्शिराह,

सलाम, आशीर्वाद, आणि आज मला दम लागलाय, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे. सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुझी आई सांगेल आणि ती सगळं श्रेय स्वतःच्या भाजलेल्या माशांना देईल.

तुझी कॅसेट मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. पाकिटात चिठ्ठी नाही, वर माझं नाव आणि शाळेचा पत्ता एवढंच. मी ती एकटीने ऐकायची नाही असं ठरवलं. शिव्या असतील तर त्याही मुलींनी ऐकाव्यात. गुरुवारी तीस मुलींमध्ये टेप ठेवला, बटण दाबलं. आधी स्वयंपाकघरातला नळ, मग तुझा आवाज:

"मेरिहान, आत जाऊन बस. उंबऱ्यावर गार लागतं."

पोर एका उडीत आत. इनासने तिला ढोलाशेजारी जागा करून दिली.

मग तू गुणगुणलीस. आठ ओळी, तो मधला स्वर जिथल्या तिथे. मग थांबलीस आणि म्हणालीस, "बाई, तुम्ही नेलीत ती अर्धीच होती. पूर्ण व्हायच्या आत पेटी घेतलीत ना." आणि पुढची चाल गायलीस.  वीस वर्षं आम्ही एका गाण्याची नुसती सुरुवात वाजवत होतो आणि झेंड्याला सलाम ठोकत होतो. मग पुन्हा थांबलीस. "इथे मी काही गात नाही. इथे मुलींना जागा ठेवा. मला तेव्हा कुणी ठेवली नव्हती." आणि मग त्या शेवटच्या दोन ओळी.

मी मुलींसमोर रडले. तोंड लपवलं नाही. मागून इनासचा आवाज आला, "बाई रडतायत, चार मात्रा लिहून घ्या गं." सगळ्या हसल्या, मीही.

तहिया बाईंना मी आधीच सांगितलं होतं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाटी काढायची असेल तर स्क्रू तुमचे तुम्ही काढा." काढले. भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय. वगीह साहेबांनी मात्र पाठ सोडली नाही.

"सफीनाझ बाई, वीस वर्षांपूर्वीचं मढं कोण उकरतं? पाटीवर धूळ साचली असेल आता."

"रोज पुसत होते मी, साहेब."

"बरं, नाव बदला. पण हे काय? कागदावर मधल्या सोळा मात्रा कोऱ्या आहेत. परीक्षकांना लिहिलेलं लागतं."

"तिथे मुली आहेत."

"कुठल्या मुली?"

मी त्यांना कागद नीट दाखवला. कोऱ्या ओळींखाली चार नावं लिहिली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, सिमसिमिया वाद्यांच्या यादीत नाही, ते कॉफीच्या दुकानात वाजवायचं वाद्य आहे. मी म्हटलं, नको म्हणूनही यादीत लिहिलेलं नाही. ते हात झटकून गेले.

सिमसिमिया कुठून आली ते ऐक. तुझ्या वडिलांची. हाज्जा ती पंच्यात गुंडाळून स्वतः शाळेत घेऊन आल्या. दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "या खोलीत मी पाय ठेवणार नव्हते. वाद्यासाठी आलेय, तुमच्यासाठी नाही." मी म्हटलं, "हाज्जा, तुमचं बरोबर आहे." त्या बसल्या, मेरिहानच्या फॉर्मवर सही केली, आणि पुढचे सगळे गुरुवार बसल्याच. मेरिहानने एका तारेची खुंटी पिळत पिळत तुझा तो स्वर आणला तेव्हा तुझी आई जोरात नाक शिंकरून खिडकीकडे वळली.

आता बुधवारची गोष्ट. सभागृह कालव्याला लागून, अकरा शाळा. आधीच्या सातांनी वाजवलं ते सगळं अगदी बरोबर होतं. डोळे मिटले असते तर कुठली शाळा बदलली ते कळलं नसतं. मी वीस वर्षं असंच वाजवून घेत आलेय, म्हणून सांगते. आमचं नाव आलं. निवेदकाने आमच्या कागदावरून वाचलं: "सलामी. रचना, इन्शिराह हसनैन. मधला भाग, विद्यार्थिनींचा." हाज्जा पहिल्या रांगेत होत्या. शेजारणीला म्हणाल्या, "माझी पोरगी." मग निवेदकाला म्हणाल्या, "तो पंखा बंद करा आणि नाव पुन्हा वाचा, नीट ऐकू आलं नाही." आणि त्याने वाचलं, बिचाऱ्याने.

तुझ्या आठ ओळी मुलींनी अशा वाजवल्या की फुंकपेट्या बाजूला झाल्या आणि तो मधला स्वर सिमसिमियाने घेतला. मागच्या रांगेतले कोळी आणि हमाल, पोरींचे बाप, ते खुर्चीत सरळ झाले. त्यांना तो स्वर घरचा आहे. मग तुझी पुढची चाल, वीस वर्षांनी पहिल्यांदा लोकांसमोर. मग मधली मोकळी जागा. खोकला वाजवणाऱ्या पोरीने सुरुवात केली, मग इनास, मग रीहामच्या त्या तीन रिकाम्या मात्रा. आणि त्या रिकाम्या जागेत बाहेर जहाजाचा भोंगा वाजला.

आपल्या गावची सवय तुला माहीत आहे. भोंगा झाला की बोलणारा थांबतो, गिऱ्हाईक थांबतं, इमामसुद्धा क्षणभर थांबतात. परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. मुलींनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात वर गेला होता, इन्शिराह. वाद्यं मांडीवर, म्हणायला. वीस वर्षांची सवय. मी तो हात खाली घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

रीहामचं लक्ष माझ्या त्या हातावरच होतं. तिने त्या भोंग्याच्या स्वरावर आपला बारीक स्वर फुंकला. मेरिहानने खालून तार छेडली. इनासने थाप टाकली, एक, मग दोन, आणि मग तीसच्या तीस मुली आत शिरल्या, कागदावर नसलेलं, सरावात न झालेलं वाजवत. भोंगा दुसऱ्यांदा झाला, तर त्या त्याची वाट बघत असल्यासारख्या बरोबर त्याच्यावर आल्या. सभागृहात हशा, मग टाळ्या, मग हमालांनी पायाने ठेका धरला. तिसरा भोंगा संपला तशी तुझी लेक एकटी तुझ्या शेवटच्या दोन ओळींवर आली आणि सगळ्या तिच्यामागून. लोक उभे राहिले. वगीह साहेब उभे राहिले. मी आधीच उभी होते, नाहीतर मीही राहिले असते.

पहिला नंबर आपला. निकालाच्या कागदावर मुख्य परीक्षकांनी लिहिलंय, "मधला भाग कुणी बसवला?" मी खाली उत्तर लिहून दिलं, "कुणीच नाही. मी फक्त हात बांधून उभी होते." माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम तेच.

सोबत कॅसेट आहे. भोंगे ऐकू येतात. हाज्जांचा आवाजही येतो, तो काढता आला नाही.

आता एकच सांगायचं राहिलं. काल सकाळी रांगा लागल्या, झेंडा चढला, माईकवर मेरिहान होती. "आता सलामी. रचना, इन्शिराह हसनैन." पूर्ण चाल वाजली, शेवटापर्यंत. मधल्या जागेत दर आठवड्याला वेगळ्या चार जणी वाजवणार, असं मुलींनी ठरवलंय. फळ्यावर नावांची यादी आहे, जून संपेपर्यंतची. भिंतीवरच्या फिकट चौकोनात तीच लावायची म्हणतात.

वाजवून घ्यायला मी पुढे उभी नव्हते. मुलींना माझी गरज नाही. मी तिसऱ्या वर्षाच्या रांगेत उभी राहिले, डावीकडून चौथी. तिथून माईक फार मोठा ऐकू येतो गं, मला माहीत नव्हतं. माझ्या निवृत्तीला अकरा वर्षं आहेत. तेवढी सगळी मी तिथेच उभी राहणार आहे.

रोज सकाळी तुझं नाव ऐकून दिवस सुरू करणारी,
सफीनाझ